पण उपयोग काय?

बारावीचा निकाल लागल्यावर दोन दिवस कोरेगावला घरी गेलो होतो. काकूने घेवड्याची उसळ केली होती. जेवताना धाकट्या चुलत बहिणीच्या ॲडमिशनचा विषय निघाला. ती म्हणाली, "मला बायोकेमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचंय. पुढे संशोधन." काका म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण उपयोग काय? सरळ दादासारखं इंजिनिअरिंगला जा." आणि दादा? दादा खाली मान घालून उसळ खात होता!

तेव्हा जे बोललो नाही, ते आज इथे लिहितोय.

मित्रांनो, कमला सोहोनी हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? माहेरच्या कमला भागवत. १९३३ साली बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. संचालक होते साक्षात सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. या बाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष अटींवर. ते वर्ष त्यांनी असं काढलं की पुढे तिथे मुलींना दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघा चाळीस! (आपली सबमिशनची फाईल याहून जाड असते.)

आता हे सायटोक्रोम म्हणजे काय? पेशीतल्या वीजघराला मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका साखळीतून हातोहात पुढे जातात. सायटोक्रोम सी हा त्या साखळीतला एक हात. या प्रवाहाच्या जोरावर पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परत येताना एक चक्र फिरवतात. कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतं ना, अगदी तसं! त्या चक्रावर आपलं शरीर चालतं.

"बटाट्यातलं सायटोक्रोम शोधून उपयोग काय?" हा प्रश्न १९३९ मध्येही कुणीतरी विचारला असेलच. पुढे १९६२ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्ण स्त्रीच्या आजाराचं मूळ मायटोकाँड्रियात सापडलं. १९८८ मध्ये मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतले बिघाड रोगांशी जोडले गेले. हा डीएनए आईकडून मुलांकडे येतो, त्यात जनुकं जेमतेम ३७, पण एखादं बिघडलं तर दृष्टी जाऊ शकते, स्नायू दुबळे होऊ शकतात. आणि २०२५ मध्ये ब्रिटनमधून बातमी आली, दुसऱ्या स्त्रीचे निरोगी मायटोकाँड्रिया वापरून आठ बाळं जन्मली. आयांकडून येऊ शकणारा आजार त्यांना होऊ नये म्हणून.

हे सगळं सोहोनीबाईंच्या बटाट्यातून निघालं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण वीजघराचा एकेक नट-बोल्ट कुणीतरी आधी ओळखून ठेवला होता, म्हणून पुढच्यांना बिघाड सापडला. सर्किट डायग्रामच नसेल तर फॉल्ट कुठे शोधणार?

बाई नंतर भारतात परतल्या, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर आणि कडधान्यांवर काम केलं, तिथल्या संचालकही झाल्या. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडवणारे घटक असतात, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. म्हणजे बघा, केंब्रिजहून निघालेली वाट आमच्या काकूच्या उसळीपर्यंत येऊन पोचली!

काकांचंही अगदीच चुकत नाही. संशोधनात वर्षं जातात, पगार उशिरा सुरू होतो, आणि मुलीच्या बाबतीत "लग्न कधी?" हे सगळे विचारतात. पण इंजिनिअरिंगला आलेल्या आपल्यापैकी किती जणांना उपयोग माहीत होता? बहुतेकांना फक्त कट-ऑफ माहीत होता. आवड नसताना चार वर्षं काढण्याचा 'उपयोग' काय, ते केटीवाल्यांना विचारा!

रामन यांच्यासमोर ती मुलगी एकटी उभी राहिली होती. आमच्या बहिणीला निदान एकटं उभं राहावं लागू नये. फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. हा लेख देऊन झाला की काकांना फोन लावणार आहे. तुमच्याही घरात अशी कुणी असेल, तर तुम्हीही लावा.