सुजलेला हात आणि समुद्राचे पाणी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि रुग्ण घरी परतली, की आपल्या आरोग्यव्यवस्थेचा हिशेब पुरा होतो. रुग्णाचा हिशेब मात्र पुष्कळदा तेथूनच सुरू होतो. काखेतील लसीकाग्रंथी काढाव्या लागल्या किंवा तेथे किरणोपचार द्यावे लागले, म्हणजे हातातील लसीकेचा परतीचा मार्ग अरुंद होतो. हा द्रव साचून हात सुजतो, जड होतो; दुर्लक्ष झाल्यास कातडी जाड व कठीण होत जाते. काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या स्त्रियांपैकी साधारणतः पाचांत एकीला हा विकार जडतो. डॉक्टर त्याला लिम्फिडिमा म्हणतात. तो सहसा समूळ जात नाही. जन्मभर आटोक्यात ठेवावा लागतो.

रायगड जिल्ह्यात या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. शस्त्रक्रिया आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. त्याच जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन असा लांबच लांब किनारा आहे आणि ओहोटीच्या वेळी कालवे-तिसऱ्या गोळा करणाऱ्या स्त्रियांचे पोट त्या पाण्यावर आहे. अशा स्त्रीला हात सुजल्यावर आप्तेष्ट काळजीपोटी बजावतात, “आता पाण्यात उतरू नकोस.” हेतू चांगला असला तरी हा सल्ला शास्त्राला धरून नाही.

पाणी शरीरावर दाब देते आणि खोलीबरोबर तो वाढतो, हे शाळेतील विज्ञान आहे. एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे ७५ मिलिमीटर स्तंभाइतका भरतो. सुजलेल्या हातावर घालावयाची घट्ट लवचिक बाही (दवाखान्यातील शब्द ‘कॉम्प्रेशन स्लीव्ह’) मध्यम प्रतीची असल्यास २३ ते ३२ मिलिमीटर दाब देते. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून हात खाली सोडला, तर बोटांवर अधिक आणि खांद्याकडे कमी दाब पडतो. बाहीची रचनाही नेमकी तशीच असते. त्यात हाताची हालचाल केली, की स्नायू द्रव पुढे ढकलतात. इस्रायलमधील दोरित तिधार या भौतिकोपचारतज्ज्ञ स्त्रीने या तत्त्वावर पाण्यातील व्यायामाची पद्धतच बसवली. हात जपून निष्क्रिय ठेवावा, ही समजूतही आता टिकत नाही. अमेरिकेत १४१ स्त्रियांवर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाही घालून बेताबेताने वजने उचलल्याने सूज वाढली नाही, असे आढळले.

मग पाण्यात बाही हवी कशाला? आडवे पोहताना हात पृष्ठभागाजवळ असतो, तेथे पाण्याचा दाब थोडा. शिवाय बाहीमुळे ऊन व खरचटणे टळते. मात्र खारे पाणी व क्लोरिन लवचिक धाग्याला मारक, म्हणून पाण्यासाठी जुनी बाही वापरावी. बाहेर येताच पाण्याचा दाब नाहीसा होतो. तेव्हा गोड्या पाण्याने हात धुऊन, नीट कोरडा करून, कोरडी बाही लगेच चढवावी. हात लाल होऊन ताप आला असेल किंवा जखम उघडी असेल, तर पाण्यात उतरूच नये. कालवांच्या धारदार कवचाने कापले, तर या हातात जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. पावसाळ्यातील समुद्र तर सर्वांनाच वर्ज्य.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. कारखान्यातील यंत्राचा घसारा आपण दरवर्षी न चुकता धरतो. नित्य वापरातील बाहीचा ताण साधारण सहा महिन्यांत उतरतो. एक धुवायला व एक घालायला, अशा दोन लागतात. म्हणजे वर्षाला चार. हा खर्च जन्मभराचा आहे. तो पेलत नाही म्हणून सैल झालेली बाहीच वापरत राहणे, हे न वापरण्यासारखेच होय.

रुग्णालयात खाटा अपुऱ्या असताना हे चोचले कशाला, असे कोणी विचारील. परंतु सूज आटोक्यात नसलेल्या हाताला संसर्ग पुनःपुन्हा होतो. त्यातून इस्पितळवास घडतो आणि मजुरी बुडते. त्या खर्चापुढे बाहीची किंमत अल्प आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च जेथे शासन उचलते, तेथे ठरावीक मुदतीने नव्या बाह्या देणे हा उपचाराचाच भाग मानला जावा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाने हाताचे योग्य माप घ्यावे आणि पाण्यातील व्यायाम शिकवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. पर्यटनासाठी किनाऱ्यांवर खर्च होतोच. त्यातून प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी आडोशाची, दार लागणारी खोली व्हावी. ओली बाही उतरवून कोरडी चढवायला जागाच नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला कागदावरच राहील आणि समुद्र दारात असूनही त्या स्त्रीला तो दूरचाच राहील.