गावाची हजेरी

मुलांनो, वर्गात मी रोज हजेरी घेते. "आज किती जण आलेत?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तर "बरेच आलेत" म्हणून चालत नाही. पट किती, हजर किती, ते आकड्यातच सांगावं लागतं. आणि एखादा चार दिवस दिसला नाही, की मी विचारतेच, "अरे, तो का येत नाही?" हजेरीचा खरा उपयोग इथे असतो.

गावाचीही अशी हजेरी घेता येते. तिला म्हणतात सर्वेक्षण. त्याचीच ही खरी गोष्ट.

आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. दाट जंगल, दूरदूर वसलेली गावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. आधी त्यांनी रक्त तपासून सिकलसेल या आजाराची पाहणी केली. आजार खरा, आकडेही पक्के. पण लोकांशी बोलल्यावर कळलं, की त्यांच्या मनातलं पहिलं दुखणं हे नव्हतंच! मग डॉक्टरांनी ठरवलं, काय मोजायचं ते आधी लोकांनाच विचारायचं.

लोकांचं मोठं दुःख होतं ते लहान बाळांचं. गावोगावी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा १९८८ मध्ये दिसलं, की जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १२१ बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचतच नव्हती. म्हणजे साधारण आठ बाळांमागे एक!

का बरं? एक मोठं कारण निघालं न्यूमोनिया. त्यात बाळाचा श्वास फार जलद चालतो. गावातल्या सुईणींना तो ओळखायला शिकवायचं ठरलं. पण पुष्कळ जणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन केलं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच ठरलेले मणी संपले, तर बाळाला न्यूमोनिया असण्याची शक्यता. आहे की नाही गंमत?

पुढे गावातल्याच बायका 'आरोग्यदूत' झाल्या आणि घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. हळूहळू त्या गावांत १२१ चा आकडा ३० पर्यंत खाली आला.

पण बाकीच्या गावांचं काय? राज्यातल्या काही संस्थांनी मिळून बालमृत्यूंची मोजणी केली आणि २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी वहीतला आकडा प्रत्यक्षापेक्षा खूपच लहान निघाला. घरीच जन्मलेलं बाळ दोन दिवसांत गेलं, तर कितीदा ना जन्माची नोंद होई, ना मृत्यूची. जे वहीत नाही, त्यासाठी औषध कोण पाठवणार? अहवालाची चर्चा झाली आणि सरकारला बालमृत्यूंच्या अभ्यासासाठी समिती नेमावी लागली. २०११ पासून तर घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताई करतात.

नुसती तक्रार केली, की "बघू" असं उत्तर मिळतं. घरोघर जाऊन मोजलेला आकडा पुढे ठेवला, की "बघू" म्हणणं अवघड होतं.

तुम्हीही करून पाहा. आधी घरी, शेजारी विचारा, "आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण कोणती?" पाण्याची निघाली, तर कोणाकडे किती हंडे पाणी येतं, ते कोण आणतं, किती वेळ जातो, ते लिहा. गावाबाहेरची वस्ती मात्र वगळू नका. तिथलं उत्तर बहुधा वेगळं असतं. लोक सांगतील तेच लिहा, पदरचं घालू नका. आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

पालकांनो, तो कागद घेऊन ग्रामसभेला तुम्ही जा. मुलांनाही सोबत न्या. आपण मोजलेलं मोठी माणसं ऐकून घेतात, हे त्यांना दिसू द्या.