साठी, बुद्धी आणि घसाऱ्याचा हिशेब

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, ती म्हण आहे, सिद्धान्त नव्हे, याचाही विसर पडावा. घरातील वडीलधाऱ्या माणसाला एखादे नाव चटकन आठवले नाही की ती उच्चारली जाते. कचेरीतून निवृत्तीचा आदेश निघतो तेव्हा ती उच्चारली जात नाही, पण गृहीत धरलेली असते. अलीकडे तर या म्हणीला विज्ञानाचा आधार मिळाल्याचा समज पसरू लागला आहे. साठी उलटलेल्या माणसाने काही कारणाने मेंदूचा एम.आर.आय. काढून घेतला की, अहवालात 'वयानुरूप आकुंचन' अशा अर्थाचे वाक्य बहुधा असते आणि ते वाचून सारे कुटुंब हवालदिल होते. ते वाक्य खोटे नसते. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा. तो लावताना होणाऱ्या चुका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगल्याच परिचयाच्या आहेत.

निरोगी माणसाचाही मेंदू उतारवयात आकसतो, हे आता निर्विवाद आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ पासून वार्धक्याचा एक दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यातील ५९ ते ८५ वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या ९२ व्यक्तींच्या मेंदूंची चार वर्षे पुनःपुन्हा मोजणी करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूचे आकारमान वर्षाला सरासरी ५.४ घन सेंटिमीटरने, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे, घटत होते. पेशींचे करडे द्रव्य आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचे श्वेतद्रव्य ही दोन्ही कमी होत होती. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुंदावत होत्या. अत्यंत निरोगी अशा २४ जणांचा गट वेगळा काढला, तरी घट होतीच. मात्र ज्यांची प्रकृती आणि बुद्धी शाबूत राहिली होती त्यांच्यात तिचा वेग मंद होता. या शेवटच्या वाक्याकडे पुढे वळावयाचे आहे.

ही घट सर्वत्र सारखी नसते. नफ्ताली राझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ निरोगी प्रौढांच्या मेंदूंची पाच वर्षांच्या अंतराने तुलना करून २००५ मध्ये दाखवून दिले की, नव्या आठवणींची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस, लहान मेंदू आणि नियोजन व विचार यांच्याशी निगडित बाह्यकाचे भाग लक्षणीय आकसतात. दृष्टीचे प्राथमिक केंद्र मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहते. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांच्यात काही भागांचे आकुंचन अधिक होते.

आता चुकांकडे वळू. पहिली चूक मोजमापाची. १९५५ मध्ये हॅरोल्ड ब्रॉडी यांनी केलेल्या गणनेवरून वयाबरोबर मेंदूतील पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात असे मत रूढ झाले आणि ते पुढे कित्येक वर्षे टिकले. मोजणीच्या पद्धती सुधारल्यावर चित्र पालटले. डेन्मार्कमध्ये पाकेनबर्ग आणि गुंडरसन यांनी ९४ मेंदूंची अधिक काटेकोर गणना करून १९९७ मध्ये निष्कर्ष काढला की, २० ते ९० या सत्तर वर्षांत बाह्यकातील चेतापेशी सुमारे १० टक्क्यांनीच कमी होतात. आकारमान जे घटते ते बरेचसे पेशी आकसल्यामुळे, त्यांच्या शाखा व परस्परजोडण्या विरळ झाल्यामुळे आणि तंतूंवरील आवरण झिजल्यामुळे.

दुसरी चूक साठा आणि प्रवाह यांची गल्लत करण्याची. वरील दहा टक्क्यांचा दैनिक हिशेब मांडला तर रोज सुमारे ऐंशी हजार पेशी नष्ट होतात असे उत्तर येते, आणि ते ऐकून कोणाचीही झोप उडेल. परंतु मूळ साठा सुमारे वीस अब्जांचा आहे. ज्या कारखान्याच्या यंत्रसामग्रीवर सत्तर वर्षांत अवघा दहा टक्के घसारा पडला, त्याला कोणी मोडीत काढील काय?

तिसरी चूक वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना करून ती वयाच्या नावावर खपवण्याची. आजचा तिशीतला तरुण आणि आजचा सत्तरीतला वृद्ध यांच्यात केवळ चाळीस वर्षांचे अंतर नसते. शाळा, आहार, औषधोपचार या साऱ्यांचे अंतर असते. सिॲटल येथे वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने हाच धडा दिला. त्याच माणसांचा वर्षानुवर्षे माग घेतला तेव्हा ऱ्हास उशिरा सुरू होतो असे दिसले, आणि शब्दज्ञानासारख्या क्षमता तर साठीनंतरही दीर्घकाळ टिकून असल्याचे आढळले. मंदावतो तो प्रामुख्याने वेग. नवे चटकन शिकणे, दोन व्यवधाने एकाच वेळी सांभाळणे, ऐनवेळी नाव आठवणे ही कामे जड जातात. साठवलेले ज्ञान आणि अनुभवाचा विवेक बहुतांशी टिकतात.

याचा अर्थ वार्धक्याचे गोडवे गावेत असा नव्हे. 'वय हा केवळ आकडा आहे' हे सुभाषित त्या म्हणीइतकेच खोटे आहे. अमेरिकेतील कर्जव्यवहारांच्या २००९ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले की, आर्थिक निर्णयांतील चुका त्रेपन्नाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत कमी होतात आणि पुढे वाढत जातात. पिढ्यांच्या तुलनेविषयीचा आक्षेप याही अभ्यासाला काही अंशी लागू आहे. तथापि त्यातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. बँकेचा व्यवहार भ्रमणध्वनीवर काही सेकंदांत उरकण्याची सक्ती करणे आणि मग फसवल्या गेलेल्या वृद्धालाच बावळट ठरवणे, हा मंद झालेल्या वेगाला दिलेला दंड आहे.

येथे बाल्टिमोरच्या त्या शेवटच्या वाक्याकडे परत यावे लागते. घसारा अटळ असला तरी त्याचा दर अटळ नाही. तो देखभालीवर अवलंबून आहे. अमेरिकेत ज्येष्ठांवर केलेल्या प्रयोगात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे जोमाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात दोन टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. पुढील सर्वच प्रयोगांत इतके यश आले नाही हेही नमूद केले पाहिजे. रक्तदाबाविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये सांगितले की, स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे ज्यांच्याशी निगडित आहेत अशी चौदा कारणे बदलता येण्याजोगी आहेत. अपुरे शिक्षण, न तपासलेली बहिरेपणाची व दृष्टिदोषाची तक्रार, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपण ही त्यांतील काही. यातील एकही मेंदूच्या शल्यविशारदाच्या हातातले नाही. बहुतेक सारी अंदाजपत्रकाच्या कक्षेतली आहेत.

आपल्या देशाबाबत आता अनुमानावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस व त्यापुढील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तिच्या आधारे झालेल्या अभ्यासाने २०२३ मध्ये असा अंदाज दिला की, साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. उरलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक ज्येष्ठांचा मेंदू आकसतो आहे, पण त्यांना हा रोग नाही, हा या आकड्याचा एक अर्थ. दुसरा अधिक गंभीर आहे. आज पंचाहत्तरीत असलेली स्त्री १९५५-५६ च्या सुमारास शाळेच्या वयाची होती. तेव्हा तिला शाळेत न पाठवून वाचवलेल्या खर्चाचे व्याज ती, तिचे कुटुंब आणि समाज आज भरीत आहेत.

राहिला प्रश्न निवृत्तीचा. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० केले. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. मेंदूचे नियम हुद्द्यागणिक बदलत नाहीत. बदलतात ते प्रशासनाच्या गरजांचे आणि तिजोरीचे नियम. बेकार तरुणांसाठी जागा मोकळ्या व्हाव्यात ही भूमिका समजण्याजोगी आहे. सरकारी पदे मोजकीच असल्यामुळे तिच्यात तथ्यही आहे. परंतु मग ते कारण उघडपणे सांगावे. त्याला निकामी बुद्धीचा मुलामा देऊ नये. शिवाय बहुसंख्य वृद्धांना निवृत्तीचा आदेश मिळतच नाही. शेतात, बाजारात आणि दुसऱ्याच्या घरी ते हातपाय चालतील तोवर राबतात, आणि त्यांच्या रक्तदाबाची नोंद कोणाच्याही दप्तरी नसते.

तेव्हा मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब नियमित मोजला जावा आणि गोळ्या अखंड मिळाव्यात. चष्मा आणि श्रवणयंत्र ही चैन न मानता मेंदूच्या देखभालीची साधने मानावीत. बँका आणि कचेऱ्यांनी ज्येष्ठांना समक्ष व्यवहाराची आणि विचार करण्यापुरत्या वेळेची सोय कायम ठेवावी. आणि मुलींची शाळेतील गळती थांबवण्यावरील खर्च हा पुढल्या साठ वर्षांच्या आरोग्यावरील खर्च म्हणूनही मांडला जावा.

वर्षाकाठी एक चमचा हा निसर्गाने ठरवलेला घसारा आहे. त्याबद्दल कोणाशी भांडण नाही. त्याहून अधिक जे झिजते ते पुष्कळदा आपल्या हेळसांडीने झिजते, आणि त्या हेळसांडीचे खापर म्हणीवर फोडण्याची सोय समाजाने आता सोडली पाहिजे.