कलमाचा शेंडा नव्हे, मूळ पाहा

मृगाच्या सरी कोसळल्या की काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतील पन्हेऱ्यांपुढे ट्रॅक्टर व टेम्पो येऊन उभे राहू लागतात. संत्र्याची बाग लावू इच्छिणारा शेतकरी वाफ्याच्या कडेला उभा राहतो, हिरवेगार शेंडे पाहून समाधान पावतो, भावाची थोडी घासाघीस करतो आणि दोन-तीनशे कलमे गाडीत घालून गावाची वाट धरतो. सारा व्यवहार अर्ध्या तासात आटोपतो. हाच शेतकरी बैल घ्यावयास बाजारात गेला म्हणजे त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, सोबत जाणता माणूस नेतो. बैलाची सोबत आठ-दहा वर्षांची. संत्र्याच्या झाडाची त्याहून किती तरी अधिक. तरीही बैलाच्या वाट्याला येणारी पारख कलमाच्या वाट्याला येत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

अंगणात लावावयाचा चाफा निवडताना चूक झाली तर एक झाड जाते. पुढच्या पावसाळ्यात दुसरी फांदी रोवता येते. संत्र्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून फळाचे पीक हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत खत, पाणी, मजुरी व राखण यांचा खर्च चालूच असतो. 6 बाय 6 मीटर अंतराने लागवड केल्यास एका हेक्टरात 277 झाडे बसतात. एका कलमामागे दहा रुपये वाचविले असे मानले, तर सबंध हेक्टरामागे 2,770 रुपये वाचतात. या वाचलेल्या पैशांत एका हंगामाची निंदणीही धड होणार नाही. परंतु तेवढ्यासाठी सदोष कलम आणले, तर पाच वर्षांचा खर्च व श्रम पाण्यात जातात. म्हणून संत्र्याच्या बागेचे भवितव्य बागेत नव्हे, पन्हेरीत ठरते असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मी पुस्तकावरून बनविलेले नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका शेतकऱ्याने कलमे निवडण्यासाठी मला सोबत नेले होते. पदवी ताजी होती, आत्मविश्वासही भरपूर होता. वाफ्यातील कलमे कमरेएवढी उंच, पाने काळीभोर व रुंद. मी शेंड्यांकडे पाहिले आणि मान हलविली. एकही कलम उपटून मूळ पाहण्याचे मला सुचले नाही. तिसऱ्या वर्षी त्या बागेतील पाने शिरांपासून पिवळी पडू लागली, बुंध्यांतून डिंक वाहू लागला आणि झाडामागून झाड वाळू लागले. खोदून पाहिले तेव्हा तंतुमुळे कुजलेली आणि डोळ्याचा सांधा मातीखाली गेलेला आढळला. त्या शेतकऱ्याने मला दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, "सायेब, झाडं पाहाले आपुन दोघंही गेलो होतो." त्या वाक्याची बोच अजून गेलेली नाही. आम्ही दोघेही गेलो होतो. पण पाहिले मात्र कोणीच नव्हते.

मुळांची परीक्षा

कलमाचे आरोग्य पाहावयाचे तर प्रथम मुळे पाहिली पाहिजेत. संत्रा व इतर लिंबूवर्गीय झाडांचा मोठा शत्रू म्हणजे फायटोप्थोरा ही बुरशी. ती ओल्या जमिनीत वाढते, पाण्याबरोबर पसरते आणि पन्हेरीतील मातीबरोबर थेट शेतात येते. एकदा शेतात आली की तिला समूळ घालविणे दुरापास्त. पुढे औषधांवर दरवर्षी खर्च करून तिला आवर घालावा लागतो. अशी पाहुणी विकत आणून घरी बसविण्यात कसला शहाणपणा?

परीक्षा अगदी सोपी आहे. वाफ्याच्या निरनिराळ्या भागांतून, विशेषतः जेथे पाणी साचते अशा सखल कोपऱ्यातून, शेकडा एक-दोन कलमे हळुवार उपटावीत व मुळे पाण्यात धुवावीत. निरोगी कलमाची तंतुमुळे भरपूर, पांढरट-पिवळसर व टणक असतात. एखादे तंतुमूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढावे. साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात आतील दोरा तेवढा राहिला, तर ते मूळ कुजलेले आहे असे निश्चित समजावे. मुळे जाड, आखूड व थोडी असून धुतल्यावरही त्यांस मातीचे कण चिकटून राहत असतील तर सूत्रकृमींचा संशय धरावा. पिशवीतील कलम असेल तर पिशवी फाडून पाहावी. सोटमूळ तळाशी वेटोळे घालून बसले असेल तर ते शेतात गेल्यावर आपोआप सरळ होईल या भ्रमात राहू नये.

"पन्हेरीवाला कलम उपटू देत नाही" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर उपाय आहे. नमुन्याच्या कलमांचे पैसे आधीच देऊन टाकावेत. 300 कलमांच्या सौद्यात पाच कलमांची किंमत जड नाही. पैसे देऊनही जो मूळ दाखविण्यास तयार होत नाही, त्याच्या पन्हेरीतून रिकाम्या हातांनी परतणे हाच फायद्याचा सौदा होय.

सांधा व खुंट

दुसरी गोष्ट डोळ्याच्या सांध्याची. आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर भरतात. हा डोळा जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटर, म्हणजे साधारणपणे एक वीतभर उंचीवर असला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तो चार-पाच इंचांवरच भरलेला आढळतो. असे कलम खड्ड्यात लावल्यावर भुसभुशीत माती दबून खाली बसते, पुढे निंदणी-खुरपणीत बुंध्याशी माती चढते आणि सांधा जमिनीत गाडला जातो. ओल्या मातीच्या स्पर्शात राहिलेल्या सालीत बुरशीचा शिरकाव होतो आणि डिंक्या रोगाची सुरुवात होते. यास्तव पन्हेरीत जाताना खिशात मोजपट्टी न्यावी; नसेल तर आपली वीत आहेच.

सांध्याची जागा नीट भरून आलेली, डिंक किंवा तडे नसलेली असावी. खुंटाचा वरचा छाटलेला भाग सुकून काळा पडत खाली उतरत नाही ना, हेही पाहावे. डोळा बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळीच सोडली नसेल तर ती सालीत रुतते व खोडाला फास बसतो, तोही पाहावा.

येथेच आणखी एका फसवणुकीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. डोळा मेला आणि खुंटालाच फुटवा आला, तर ते रोप कलमांच्या जुडीत खपून जाते. शेतकरी पाच वर्षे त्याला पाणी घालतो व शेवटी त्याला जंबेरीची खडबडीत फळे लागतात. ज्या खोडावर सांध्याचा बाक किंवा वण कोठेच दिसत नाही, जे मुळापासून शेंड्यापर्यंत सरळसोट आहे, ते कलम नव्हे. शंका आली तर पान चुरगाळून वास घ्यावा. जंबेरीच्या पानाचा लिंबासारखा वास संत्र्याच्या पानाहून निराळा असतो व तो एकदा ओळखला की विसरत नाही.

पानांची भाषा

पानांकडे पाहू नये असे मी म्हणत नाही. त्यांना भुलू नये एवढेच म्हणतो. विक्रीपूर्वी काही आठवडे युरिया दिला व भरपूर पाणी सोडले की कोणतेही कलम काळेभोर व लुसलुशीत दिसते. असे कोवळे, उंच वाढलेले कलम शेतातील उन्हात मान टाकते. सुमारे दोन फूट उंचीचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, पक्व पानांचे सरळ कलम त्यापेक्षा केव्हाही चांगले.

पानांवरील दोषांत बरा होणारा कोणता व न बरा होणारा कोणता, हा विवेक मात्र हवा. नागअळीने पानावर काढलेल्या चंदेरी नागमोडी रेघा पाहून घाबरण्याचे कारण नाही; फवारणीने तिचा बंदोबस्त होतो. जस्ताच्या कमतरतेने पाने लहान राहतात व शिरांमधील भाग पिवळा पडतो. तेही सुधारता येते. परंतु ग्रीनिंग रोगाचे तसे नाही. त्याचा पिवळेपणा जस्ताच्या पिवळेपणासारखाच भासतो. म्हणून पानाची मधली शीर मध्ये धरून दोन्ही अर्ध ताडून पाहावेत. दोन्हीकडील नक्षी सारखी असेल तर बहुधा अन्नद्रव्याची उणीव आहे. एका बाजूचे ठिपके दुसऱ्या बाजूशी जुळत नसतील तर ग्रीनिंगचा संशय धरून कलम नाकारावे. हा रोग सायला किडीमार्फत पसरतो. म्हणून कोवळ्या फुटीवर सायलाची पिल्ले व त्यांनी सोडलेले मेणासारखे पांढरे तंतू दिसल्यास सारा वाफाच सोडून द्यावा.

तथापि एक मर्यादा लक्षात ठेवावी. ग्रीनिंग व ट्रिस्टेझा हे रोग डोळ्यातूनही येतात आणि रोगट झाडाच्या डोळ्यापासून केलेले कलम प्रथम निरोगी दिसू शकते. तेथे आपली नजर कामास येत नाही. यासाठी "डोळे कोणत्या झाडाचे?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि ती मातृवृक्षे दाखविण्यास सांगितले पाहिजे. झाडे जोमदार, नियमित व उत्तम फळे देणारी असतील तर पन्हेरीवाला आनंदाने दाखवील. पन्हेरी जुन्या, रोगट बागेला लागून आहे काय, वर्षानुवर्षे त्याच जमिनीत वाफे घातले जातात काय, पाणी तुंबते काय, हेही पाहावे.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 साली कायदा झाला व विक्रीसाठी परवाना आवश्यक ठरला. परंतु कायदा कागदावर राहतो की वाफ्यापर्यंत पोहोचतो, हे घेणाऱ्यावरही अवलंबून असते. परवाना पाहण्याची मागणी करणारे आणि जात, खुंट व संख्या लिहिलेली पक्की पावती घेणारे शेतकरी किती? पावती नसेल तर पुढे तक्रार कोणत्या आधारावर करणार?

येथे पन्हेरीवाल्यांचीही बाजू मांडणे न्यायाचे होईल. निर्जंतुक मातीत, पिशवीत, निवडक मातृवृक्षांच्या डोळ्यांपासून कलम तयार करण्यास खर्च अधिक येतो. असे कलम घेऊन प्रामाणिक माणूस बसतो आणि गिऱ्हाईक "शेजारी चार रुपये कमी आहेत" म्हणून पाठ फिरविते. मग चांगले कलम करण्याची उमेद त्याने कशासाठी बाळगावी? वाईट कलमांचा बाजार केवळ विकणाऱ्यांनी वाढविलेला नाही. स्वस्ताईला भुलणाऱ्या आपण सर्वांनी त्यास खतपाणी घातले आहे.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की, लागवडीची आकडेवारी पूर्ण करण्याच्या घाईत कलमांची पारख विसरू नये. किती हेक्टर लागवड झाली हे आपण दरवर्षी लिहितो. तिसऱ्या वर्षी त्यांतील किती झाडे उभी आहेत, हेही लिहावयास हवे. पावसाळ्यापूर्वी गावातील बाग लावणाऱ्यांची यादी करावी, त्यांतील दोघा-तिघा जाणत्यांना घेऊन उन्हाळ्यातच दोन-तीन पन्हेऱ्या पाहाव्यात, मुळे तपासावीत आणि पसंत पडलेल्या वाफ्यातील कलमे आगाऊ नोंदवून ठेवावीत. ऐन पावसात गाडी उभी करून घेतलेले कलम हे निवडलेले कलम नसते, उरलेले असते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे कलमांची मागणी करावयाची असेल तर तीही वेळीच नोंदवावी.

शेतकरी बंधूंनी एवढे मनाशी ठरवावे की, मूळ पाहिल्यावाचून कलम घेणार नाही, वीतभर उंचीचा सांधा नसेल तर घेणार नाही आणि पावतीवाचून पैसे देणार नाही. जाताना मोजपट्टी, पाण्याची बादली व सवड या तीन वस्तू सोबत असाव्यात. त्यांतील तिसरी सर्वांत दुर्मिळ आहे, हे मी जाणतो. तरीही पाच वर्षे बागेला पाणी घालणाऱ्याने एक दिवस पन्हेरीसाठी काढणे अवघड नाही.

ज्या शेतकऱ्याचा मी वर उल्लेख केला, त्याने पुढे पुन्हा बाग लावली. कलमे घेण्यास आम्ही पुन्हा दोघेच गेलो. त्या वेळी पहिल्या पन्हेरीतून परतलो, दुसरीतूनही परतलो आणि तिसऱ्या ठिकाणी बादलीत धुतलेली पांढरी मुळे पाहून मगच सौदा केला. दिवस मोडला, जेवण चुकले. परंतु परतताना या खेपेस आपण खरोखरच पाहिले, एवढे समाधान दोघांच्याही मनाला होते.