बाटलीची पाठ वाचा

मंडळी, पोटाचं पथ्य चालू असताना ताटात काय वाढायचं ते आहारतज्ज्ञ सांगतात. पेल्यात काय ओतायचं हे मात्र ज्याला त्याला सुचत असतं! माझं सध्या 'लो फॉडमॅप' पथ्य चालू आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने ते तयार केलं. कांदा, लसूण, गहू, दूध, बऱ्याच डाळी काही आठवडे बंद, आणि मग एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून बघायचा. अशा पोटाला उन्हाळ्यात जुलाब झाले की अंगातलं पाणी आणि क्षार दोन्ही जातात. त्यातून सत्तरीनंतर तहानच नीट कळत नाही. म्हणून हा विषय चवीचा नाही, काळजीचा आहे.

आता मदतीला येणारे पदार्थ बघू. ताक उत्तम खरं, पण त्यात दुधातली साखर असते. शहाळ्याचं पाणी तर अमृतच! पण त्यात सॉर्बिटॉल असतं, त्यामुळे या पथ्यात अर्ध्या वाटीच्या पुढे जाऊ नये असं म्हणतात. शिवाय त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. जुलाबात सोडियमच जास्त जातं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं रोज पिऊच नये. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

रंगीत बाटल्यांची गोष्ट निराळी. त्यात साखर इतकी असते की आतड्यात उलट पाणी खेचलं जातं. शाळेत शास्त्राच्या बाई बटाट्याच्या वाटीत साखर घालून बाहेरचं पाणी आत कसं शिरतं ते दाखवत, तोच प्रकार. 'शुगर फ्री' लिहिलेल्यांत कधी सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, तर 'फायबरयुक्त' पेयांत इन्युलिन. आमच्यासारख्यांच्या पोटात ही सगळी मंडळी गोंधळ घालतात.

मग काय प्यावं? माझं उत्तर जुनंच आहे : साधी ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बस्स, चारच वस्तू. ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आतड्याच्या भिंतीतून आत जातं आणि पाणी त्यांच्या मागोमाग. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर हजारो जीव वाचवले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर. असो.

पुडी पूर्ण मोजलेल्या पाण्यातच विरघळवावी, 'थोडं कडक' करू नये. केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत संपवावं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा!). आणि आपली तांदळाची पेज, मीठ घालून. कोकणातल्या आज्यांना फॉडमॅप माहीत नव्हतं, पण पेज माहीत होती. मात्र हे रोजचं सरबत नव्हे. रक्तदाब असणाऱ्याने विनाकारण इतकं मीठ पिऊ नये. आणि जुलाब थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, तर पेयं बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं वापरायला बंदी केली. चांगलं झालं. पण नाव बदललं म्हणून आतलं पेय बदलत नाही. पुढे आंब्याएवढी अक्षरं, मागे मोहरीएवढी, तीही इंग्रजीत! आमच्या पिढीतल्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसांनी ती कशी वाचावी? घटकांची यादी ठळक आणि मराठीतही असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तोवर एक काम नातवंडांकडे. घरात आलेली प्रत्येक बाटली उलटी करा आणि आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. शुद्धलेखन मी तपासेन.