समुद्र पाहायला जाताना पंचांग पाहा



परवा न्हावऱ्याच्या शिवारात एका वस्तीवर कांद्याचे रोप पाहायला गेलो होतो. चहा देताना घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, जेजुरी झाली, पंढरपूर झालं. समुद्र तेवढा राहिला बघा." मालक हसून म्हणाले, "अन् गाईंच्या धारा कोण काढायच्या? समुद्र काय पळून चाललाय?" बाई काही बोलल्या नाहीत. कपबशा घेऊन आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. म्हणून आज रोग-किडी बाजूला ठेवतो आणि अलिबाग-मुरूडच्या तीन दिवसांच्या सहलीचे नियोजन सांगतो.

पहिले नियोजन घरचे. कांद्याची लागण उरकली, आंबवणी दिली, की पुढची पाळी आठ-दहा दिवसांनी येते. ते दिवस आपले. शेजारच्या घराशी सावड करा. या खेपेला तुमची गुरे त्यांनी पाहावी, पुढच्या खेपेला त्यांची तुम्ही. मात्र अनोळखी हाताला गाय पान्हा चोरते. तेव्हा निघण्याआधी दोन-तीन दिवस शेजाऱ्यालाच धारेला बसवा आणि खुराकाचे माप दाखवून ठेवा. खर्चासाठी दर आठवड्याच्या दुधाच्या पैशातून थोडे वेगळे काढावे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले आहे, तेव्हा घरच्या लक्ष्मीला मागे ठेवण्यास ती सबबही उरली नाही.

दुसरे नियोजन समुद्राचे, आणि ते चुकले तर जिवाशी गाठ. अलिबागचा कुलाबा किल्ला पाण्यात आहे. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला वाट बुडते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मुलाबाळांसह वेळ न पाहता गेलो. देवदर्शन झाले, तटावर हिंडलो, दुपारी दरवाजात येतो तो वाट नाहीशी! पाणी कमरेइतके वाटले, म्हणून धाकटीला खांद्यावर घेऊन उतरू लागलो. एका कोळी दादांनी ओरडून मागे बोलावले. "पाणी दिसतं तेवढंच नसतं, त्याला ओढ असते," ते म्हणाले. भाकरीचे गाठोडे अलिबागेतच राहिले होते. किल्ल्यातल्या गोड्या पाण्यावर दिवस काढला आणि संध्याकाळी पाणी ओसरल्यावर बाहेर पडलो. शेताला नक्षत्र पाहणारा मी, समुद्राला तिथी पाहायला विसरलो होतो.

कोकणातला ठोकताळा सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीनला भरती आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास, ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. अष्टमीला ओहोटी दुपारी येते खरी, पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी पुरते सरत नाही. म्हणून तृतीया ते पंचमीची सकाळ सोयीची. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि नंतर तासाभरात परत या. ठोकताळा अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, तेव्हा किनाऱ्यावर विचारल्याशिवाय पाय टाकू नका.

आता वाट. तृतीयेला पहाटे न्हावरे सोडा. पुण्याहून अलिबाग सुमारे दीडशे किलोमीटर. दुपारपर्यंत पोचून मुक्काम करा. चतुर्थीला सकाळी कुलाबा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांनी पुरे केले. आत गणपतीचे देऊळ आहे, चतुर्थीचे दर्शनही घडेल. याच ठाण्यावरून सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आरमार चालवले. ते १७२९ मध्ये वारले, समाधी अलिबागेत आहे.

दुपारी चौल-रेवदंड्यावरून मुरूडला जा. वाटेत नारळी-पोफळीच्या वाड्या पाहा. एकाच पाण्यावर खाली-वर किती पिके घेतात, ते शिकण्यासारखे आहे. अलिबागच्या बाजूला कार्ले, खंडाळे या गावांत भात निघाल्यावर त्याच खाचरात पांढरा कांदा करतात. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो माळा गुंफून विकतात. आपण कांदेवाले, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारावेत.

पंचमीला राजपुरीहून होडीने जंजिरा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. हा सिद्दींचा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात दगडांचा सेतू बांधायला घेतला, पण मोगल कोकणात उतरल्याने तो सोडावा लागला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे मुलांना मुद्दाम दाखवा. दुपारी निघालात तर रात्री उशिरा घरी याल.

त्या वस्तीवरच्या मालकांना एवढेच सांगतो. समुद्र पळून जात नाही हे खरे, पण वय जाते. भिंतीवरचे पंचांग खाली काढा आणि तिथी घरच्यांनाच ठरवू द्या. गाईचे मी शेजाऱ्यांशी बोलतो.