बर्फाला दोष देण्यापूर्वी

हिमालयात बर्फाचा लोट कोसळला, माणसे गाडली गेली, की वर्तमानपत्रात ठरलेला मथळा येतो: ‘निसर्गाचा कोप’. आपण चहा पिता पिता हळहळतो आणि पान उलटतो. मला या ‘कोप’ शब्दाचीच चीड आहे. कोप म्हटले की चौकशी संपली आणि शिकणेही संपले!

वास्तविक बर्फ एकाएकी रागावत नाही. तो हिवाळाभर थरावर थर रचीत असतो. सुरुवातीचा थर पातळ असला आणि पुढे निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री आल्या, तर जमिनीच्या उबेने आतली वाफ वर सरकते. त्या थराचे कण मोठे नि सुटे, साखरेच्या दाण्यांसारखे होतात. एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा जड बर्फ पडला म्हणजे उतरत्या वाळूवर फरशी ठेवल्यासारखी गत. मग एका माणसाचे वजनही पुरते. असे लोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीइंगची खरी मौजही नेमकी त्याच उतारावर असते.

काश्मीरमधले गुलमर्ग घ्या. तिथला गोंडोला माणसाला थेट अफरवतच्या अंगावर नेऊन सोडतो. आखलेल्या वाटा सोडल्या की पुढे मोकळा डोंगर. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे दोन पोलिश स्कीपटू लोटाखाली गेले. पुढल्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग भागात एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. अभ्यासक सांगतात, अशा भटकंतीतल्या बहुतेक जीवघेण्या अपघातांत लोट सुटतो तो त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पावलाने. मग कोप कोणाचा?

बर्फ इशारेही देतो. शेजारच्या उतारावर ताजा लोट दिसतो, पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होतो, पावलापासून भेगा धावतात, वारा एका बाजूला बर्फ साठवतो, ऊन एकदम चढते. गाडल्या गेलेल्या माणसाला मिनिटांचाच अवधी असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर आशा, पुढे ती झपाट्याने मावळते. खालून मदत येईपर्यंत वेळ टळलेली असते. म्हणून प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

कोणी म्हणेल, “मग काय घरीच बसायचे? साहसाशिवाय तारुण्य कसले?” घरी बसा असे मी म्हणत नाही. सह्याद्रीत आपण काय करतो? पावसात ओढा फुगला की थांबतो, निसरड्या गवताच्या घसाऱ्यावर वाट बदलतो. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही, जाणतेपणा म्हणतात. हा जाणतेपणा बर्फात मात्र आपल्याजवळ नाही, आणि सह्याद्रीतली छाती तिथे उपयोगी पडत नाही.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. आमच्या मंडळींनी हिवाळी हिमालयाचा बेत आखला तेव्हा बूट, जाकिटे, वर्गणी, फोटो यांवर दोन तास चर्चा झाली. बर्फ कसा आहे, हे एकानेही विचारले नाही. मीही नाही! हिमस्खलनाचे इशारे देणारी सरकारी यंत्रणा आपल्या देशात आहे. तो इशारा वाचण्याचे कष्ट तरी आपण घ्यावेत.

पुढच्या बैठकीत पहिला विषय बर्फाचा असावा. आणि पुढच्या वार्षिकांकात शिखरावरचा फोटो नसला तरी चालेल. “उतार बरा वाटेना, म्हणून परत फिरलो” असे सांगणारा एक लेख मात्र जरूर यावा. तो लिहायला लेखक सुखरूप परतलेला असेल.